डोक्शाले जवस

काल नागपूरच्या इतवारी बाजारात, किराणा ओळीत, माझं पाव किलो जवस मोजून, पुडी बांधून झाल्यावर एका आज्जींना देऊन टाकण्यात आलं. मी पर्समधून पैसे काढतच होते. भांडण नाही, काही नाही, दुकानदाराने सरळ न्यायनिवाडा केला आणि मी हरले. चोवीस तास होत आले तरी राग जाऊन नाही राहिला.

मागची गोष्ट फार नाही. पार्लरमध्ये हेअर स्पाचे 1500 सांगितले. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, साबणाचा धड फेस होत नाही, वरून एप्रिलचं ऊन, गाडीवर स्कार्फ बांधून ऑफिसला पोचेपर्यंत केसांचं जे व्हायचं ते होतं. म्हणून जवसाचं जेल. दोन चमचे जवस, कपभर पाणी, मंद गॅसवर ढवळत राहायचं, मग सालीतून चिकट बुळबुळीत द्रव सुटतो, अगदी अंड्याच्या पांढऱ्यासारखा. गरम आहे तोवरच पातळ सुती कापडातून पिळून घ्यायचं. थंड झालं की घट्ट होतं आणि कापडातून एक थेंब उतरत नाही, ओट्यावर मात्र सगळीकडे उतरतं. ओल्या केसांना लावायचं, बस. 50 रुपयांत महिन्याभराची सोय.

तर मी दुकानात "जवस द्या पाव किलो" म्हटलं, आणि बाजूला स्टुलावर बसलेल्या आज्जींनी विचारलं, "चटणी करून राहिली का वो?"

आता इथे "हाव, चटणीच" म्हणून विषय संपवता आला असता. पण कोणी आपुलकीने विचारलं की मी सविस्तर सांगते, तो आमच्या घराण्याचाच रोग आहे. मी म्हटलं, नाही आज्जी, केसांना लावायचं आहे.

"कायले?"

"केसांना."

"डोक्शाले? जवस?"

हे त्या मला नाही, समोरच्या धने-जिरेवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. हमाल थांबला. हळद घ्यायला आलेल्या दोन बायका वळल्या. एकीने माझ्या स्कार्फकडे असं पाहिलं की आत केस आहेत की नाही हीच तिला शंका असावी.

"अवो बाई, जवस खातेत! आमचा बुढा चटणी नसली त भाकरीले हात लावत नाही. अन् तू डोक्शाले लावून राहिली?" मग त्यांचा आवाज एकदम चौकशी समितीसारखा झाला. "अन् तोंडाले काय लावतं?"

बेसन, मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

"बेसन. अन् दही?"

"ते पण केसांना. मेथीदाणे भिजवून, वाटून, दह्यात."

"मेथी बी डोक्शाले. संत्र्याची सालं?"

"वाळवून, पावडर करून, तोंडाला."

"मंग खाता काय वो तुमी?"

सगळं दुकान हसलं. हमाल सर्वात जास्त हसला. मीही हसले, नाईलाज होता.

तेवढ्यात आज्जींनी स्वतःसाठी पाव किलो जवस मागितलं आणि दुकानदार म्हणाला, डब्यातलं संपलं, बोरी गोदामात आहे, लडका जेवायला गेला, आधा घंटा. आज्जींनी माझ्या पुडीकडे पाहिलं. दुकानदाराने आज्जींकडे पाहिलं. आणि मला म्हणाला, "देखो मॅडम, खानेवाले को पहले देना पडेगा ना. तुमचं काय, डोक्याला उद्या लावलं तरी चालते."

पुडी गेली.

त्यात आज्जींचा पदर सरकला आणि वेणी दिसली. पांढरी, पण मनगटाएवढी जाड, कमरेच्या खाली. मी न राहवून विचारलं, आज्जी, तुम्ही काय लावता? "काय लावू? आंगाले जे साबण लावते तेच डोक्शाले बी." इतकी वर्षं मी रिठे फोडले, शिकेकाई उकळली, रिठ्याचं पाणी डोळ्यात जाऊन अर्धा अर्धा तास नळाखाली बसले, आणि या बाईने आंगाचं साबण. केस आईबापांकडून येतात, हे खरं आहे, पण भर बाजारात कोणी असं दाखवू नये.

खरं उत्तर मला गांधीबागेच्या सिग्नलला सुचलं, जसं नेहमी सुचतं. जवसाचं तेल लोक लाकडी दारांना लावतात. व्हार्निशमध्ये टाकतात. माझा भाऊ दर उन्हाळ्यात नवीन बॅटला जवसाचं तेल चोळत बसायचा, हातभर वर्तमानपत्र पसरून, कोणाला हात लावू देत नव्हता, आणि तेव्हा घरात कोणीच नाही म्हटलं की मग खाता काय. बॅटला चालतं, दाराला चालतं, बाईच्या डोक्याला लावलं की महागाई सुरू होते.

आणि स्वस्त स्वस्त म्हणतात ना सगळे, घरचंच तर असते, काय लागते त्याला, तर जरा बघून घ्या एकदा. मेथी रात्री भिजवा, सकाळी वाटा, मिक्सरच्या भांड्याचा वास चार दिवस जात नाही, मग चहात, शेंगदाण्याच्या कुटात, सगळीकडे मेथी. धुताना दोन बादल्या जास्तीच्या, तेही टाकीत पाणी असलं तर. रविवार गेला. हा रविवार कोणी 1500 मध्ये धरत नाही. त्यात कोणीतरी सांगणार लिंबू चोळ, टॅन जाते. लिंबू चोळून नागपूरच्या उन्हात निघालं तर टॅन जात नाही, चट्टे येतात, कधी फोड येतात, आमच्या ऑफिसातली एक मुलगी लग्नाच्या आधी आठवडाभर मानेवर काळा पट्टा घेऊन फिरली आहे. सांगणाऱ्या काकू हळदीला येऊन जेवून गेल्या.

असो. दुकानातून निघाले तेव्हा सिग्नल अजून लागायचाच होता, मी नुसती गाडी काढत होते, तर मागून हाक आली, "वो पोरी, महालात चालली का?" आज्जी. पुडी छातीशी धरून. नाही म्हणायची हिंमत कोणात असते. मागे बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात माझं जवस, आणि गर्दीतून गाडी काढता काढता संपूर्ण चटणी सांगितली, जवस कोरडंच भाज, तडतडलं पाहिजे, लसूण मोकळ्या हाताने टाक, तिखटाले कंजूषी नको करू. महाल भागातल्या बडकस चौकात उतरल्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, गोरी आहेस वो, कायले बेसन नासवते.

मग पदराच्या गाठीला हात लावत थांबल्या. "तुले किती सांगितले होते त्यानं पाव किलोचे? मले चाळीस घेतले मेल्यानं."

मला 50 सांगितले होते.