पाहुणे, पेंढ्याचे वाघ आणि मेजर मँट

कोल्हापुरात घर असलं की घरफाळ्याबरोबर आणखी एक कर भरावा लागतो : पाहुण्यांना न्यू पॅलेस, म्हणजे छत्रपतींचा राजवाडा, दाखवणे. अंबाबाईला आणि रंकाळ्यावर ते आपले आपण जातात, मटणाच्या खानावळी तर त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक. पॅलेसला मात्र 'दाखवणारा' लागतो.

यंदा पुण्याची ताई, दाजी आणि भाचा होता. भाच्याला पेंढा भरलेले वाघ बघायचे होते, ताईला चपला घ्यायच्या होत्या. दाजींचं सगळं लक्ष घड्याळाकडे. मनोऱ्यावरच्या नव्हे, हातातल्या.

मला हल्ली वाघांपेक्षा इमारतच बघावीशी वाटते. (वय झालं, दुसरं काय.) घुमट, छत्र्या, कमानी, देवळात शोभतील असे खांब आणि मधोमध विलायती घड्याळाचा मनोरा. एवढं सगळं एका ठिकाणी आणलं की मंगल कार्यालय व्हायचीच भीती. इथं तसं होत नाही, कारण त्या काळ्याभोर दगडानं सगळ्यांना एकाच रंगात बसवलंय. कुणी आगाऊपणा करायचा नाही!

"दाजी, 1877 ला काम सुरू झालं, 1884 ला संपलं. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. बिचारा 1881 लाच गेला, पुरं झालेलं बघायला मिळालं नाही."

"अरेरे," दाजी म्हणाले. "पांढरा रस्सा कितीपर्यंत मिळतो?"

आत संग्रहालयात भाचा वाघापाशी रुतला. "मामा, ह्याला कुणी मारलं? डोळे खरे आहेत?" त्याला तिथंच ताईच्या हवाली करून मी दरबार हॉल गाठला. दुमजली उंचीचा हॉल, खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग. ऊन आलं की महाराजच आतून उजळतात. मी मान वर करून एक काच निरखत होतो, तेवढ्यात मागून शाळेची सहल आली आणि मला थेट बाहेरच्या दारापर्यंत पोचवून गेली. मान मात्र वरच राहिली. संध्याकाळी तिला बाम लागला.

जेवणाआधी मी हट्टानं सगळ्यांना टाऊन हॉललाही नेलं, तिथंही संग्रहालय आहे. तीही मँटचीच इमारत, पण पॅलेसच्या आधीची आणि गॉथिक. उतरती छपरं, टोकदार कमानी. म्हणजे गडी आधी चर्चच्या वळणानं बांधत होता आणि पुढं चार-पाच वर्षांत छत्र्या-घुमटांत रमला. कोल्हापूरचं पाणीच तसं.

"इथं वाघ आहेत?" भाच्यानं विचारलं.

"देव आहे. ग्रीकांचा, समुद्राचा. ब्रह्मपुरीच्या टेकडीत उत्खननात सापडला."

पंचगंगेकाठी समुद्रदेव! वीतभर ब्राँझच्या त्या मूर्तीपुढे दाजी पहिल्यांदाच थबकले.

"हा इतक्या लांब कसा काय आला?"

"रोमशी व्यापार चालायचा तेव्हा आला असणार, दाजी. आमच्याकडचा सगळ्यात जुना पाहुणा. आला तो परत गेलाच नाही."

"जाईल कशाला?" दाजी म्हणाले. "जेवण चांगलं असणार."