रक्त द्यायचं कुणाला?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीनच तपासण्या लिहिल्या होत्या: साखरेसाठी एचबीए1सी, कोलेस्टेरॉलसाठी लिपिड प्रोफाइल आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. ‘रविवारची मिसळ चालूच आहे ना?’ असं विचारून उत्तराची वाट न बघता त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

“अहो, उपाशीपोटी स्कूटर काढून कॉलेज रोडला कशाला जाताय? हल्ली माणूस घरी येतो,” बायको म्हणाली. म्हणून मी मोबाईलवर ‘घरबसल्या रक्ततपासणी, नाशिक’ एवढं टाइप केलं. त्या क्षणापासून माझं यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्याबद्दल अख्ख्या देशाला काळजी वाटू लागली.

तीन तपासण्या कुणीच विकत नव्हतं. कुणाकडे 64, कुणाकडे 87, तर एका पॅकेजमध्ये शंभराच्या वर. पॅकेजचं नावही साधं नाही. ‘संपूर्ण’च्या वर ‘परिपूर्ण’ आणि त्याच्याही वर ‘प्लॅटिनम’. मी बँकेत हयात घालवलेला माणूस, आकडा दिसला की बेरीज पडताळतोच. यादी उघडली आणि मजा कळली. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एक तपासणी, पण तिच्यातला प्रत्येक आकडा वेगळा मोजलेला. व्हीएलडीएल हा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार, बहुतेक ठिकाणी नुसतं ट्रायग्लिसराइड भागिले पाच. ग्लोब्युलिन म्हणजे एकूण प्रथिनांतून वजा अल्ब्युमिन. मग या दोघांचं गुणोत्तर, ती आणखी एक तपासणी! लघवीचा रंगही स्वतंत्र मोजलेला. चौथीतल्या पोराला पाटी देऊन बसवलं तर माझं पॅकेज दोनशेपार जाईल.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी असलंच प्लॅटिनम घेतलं होतं. त्यांच्या रिपोर्टात चार आकडे लाल आले आणि त्या दिवशी कुकरला शिट्टीच झाली नाही. वास्तविक नॉर्मलची रेषा बहुधा अशी आखतात, की शंभरातली पंच्याण्णव धडधाकट माणसं तिच्या आत बसावीत. उरलेली पाच धडधाकट असूनही बाहेर. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसालाही एखादा लाल आकडा मिळण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या वर. हे मी वहिनींना जिन्यात समजावलं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला लाल आले की बोलू.”

फोन तर अखंड चालू. एका पोरीला विचारलं, “रक्त तपासता कुठे?” ती म्हणाली, “लॅबमध्ये.” “लॅब कुठे?” “मुंबईला, सर.” आता साखरेचं रक्त साध्या नळीत तसंच ठेवलं तर आतल्या पेशी बसल्या बसल्या साखर खातात, म्हणून ते फ्लोराइडच्या राखाडी बुचाच्या नळीत घेतात. माझं रक्त कसारा घाटात ट्रकमागे अडकलं तर काय, असं विचारल्यावर तिने मला दहा टक्के सूट दिली.

दुसऱ्याला एनएबीएलचं, म्हणजे लॅबच्या दर्जाच्या मान्यतेचं विचारलं. “आहे ना सर, लोगो बघा!” पण ती मान्यता विशिष्ट लॅबला, विशिष्ट तपासण्यांपुरती असते. मी ज्या लॅबमध्ये रक्त जाणार तिचं प्रमाणपत्र मागितलं. त्याने मला होल्डवर टाकलं. तिथे बासरी फार छान होती.

शेवटी इथलीच एक लॅब मिळाली. प्रमाणपत्र तिने लगेच पाठवलं आणि तीनच तपासण्या करायला तयार झाली. ‘वैयक्तिक आरोग्यसल्ला’ मात्र गळ्यात पडलाच. म्हणे सोबत मोफत आहे.

इंदिरानगरातल्या तीन ‘साईकृपा’ पालथ्या घालून पोरगा भल्या सकाळी आला. हात हलका होता. बायकोने त्याला सांगितलं, “आठ दिवस मिसळ बंद ठेवलीय यांची.” तो गालात हसला. “काकू, एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगतं.” साखर चिकटते ती तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि मिटवामिटवीला अजिबात तयार नसते.

आकडा आला 5.9. म्हणजे 5.7 ते 6.4 च्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पट्ट्यात. रविवारी सल्लागारबाईंचा फोन आला, हिंदीतून. सकाळी किन्वा, दुपारी केल, संध्याकाळी ॲव्होकॅडो. मी म्हटलं, बाई, हे रविवार कारंज्यावर कुठल्या गाड्यावर मिळतं? मग त्यांनी विचारलं, “आप नाश्ते में क्या लेते हैं?” मी खरं ते सांगितलं.

पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, “सर, हम लोग सासूमाँ को लेकर त्र्यंबकेश्वर आ रहे हैं. वो मिसल... बहुत तीखी होती है क्या?”

मी खुर्ची ओढून बसलो. वय विचारलं, पित्ताचं विचारलं, सासूबाईंचे दात विचारले. मग सांगितलं: रस्सा वेगळ्या वाटीत मागायचा, तर्री वरून घ्यायची नाही, मटकी जास्त, दही आधीच सांगून ठेवायचं, पाव एकच. हे सगळं त्यांनी लिहून घेतलं.