खानावळीचं बिल आणि आमच्या बॅचचा फंड

परवा कॉलेजच्या बक्षीस समारंभाला गेले होते, माजी विद्यार्थिनी म्हणून बोलावलेलं. एका मुलीला स्टेजवर लिफाफा मिळाला, टाळ्या झाल्या, नंतर तिच्याशी बोलताना कळलं की आत ६५ रुपये होते. १९६८ साली कुणीतरी वडिलांच्या नावाने १००० रुपये कायम ठेव ठेवलेली, त्याचं वर्षाचं व्याज. त्या काळी हजार म्हणजे केवढी रक्कम, त्या माणसाने पोटाला चिमटा काढून ठेवली असेल! पण मुद्दल तेवढंच राहिलं आणि महागाईने ते खाल्लं. बँकेत ३४ वर्षं काढलीत मी, पण त्या लिफाफ्याने फार वाईट वाटलं.

आता आमच्या बॅचच्या ग्रुपवर कॉलेजात स्कॉलरशिप ठेवायचं चाललंय म्हणून लिहितेय. बहुतेकांचं म्हणणं, पहिल्या नंबरला द्या. मला नाही पटत. कॉलेज सोडून जातं ते पोर वेगळंच असतं, आणि फीमुळेच सोडतं असंही नाही. २०२४ पासून प्रोफेशनल कोर्सच्या मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर फी माफ आहे, चांगलंच झालं, पण रूमचं भाडं कोण देणार, मेस कोण भरणार?

एफवायला माझे खानावळीचे तीन महिने थकले होते, ४५० रुपये. मावशींनी ताट वाढलं आणि हळूच म्हणाल्या, "बाळ, उद्यापासून नाही गं जमायचं." ती आमटी घशाखाली उतरेना. रात्री ट्रंक भरली. आमच्या इकॉनॉमिक्सच्या सरांना कुठून कळलं देव जाणे, सकाळी जाऊन बिल भरून आले. पुढे पहिल्या पगारातून परत द्यायला गेले तर सरांनी आढेवेढे न घेता पैसे घेतले, खिशातली छोटी डायरी काढली, माझ्या नावावर काट मारली आणि माझ्यासमोरच खाली दुसऱ्या पोराचं नाव लिहिलं.

साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात पोरांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे आमच्याकडे घरोघर सांगतात. पोरांच्या पोटासाठी मोडलं हो!

तर माझा हिशोब असा. ४० जणांचे प्रत्येकी २५ हजार, म्हणजे १० लाख. ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार. दोन मुलांची मेस, महिना ३ हजार धरून दहा महिने, ६० हजार. उरलेले १० हजार दरवर्षी मुद्दलात परत टाकायचेच, हे कागदावर लिहून घ्यायचं, नाहीतर आपलाही ६५ रुपयांचा लिफाफा होईल. आणि पैसे जूनपासून द्यायचे, फेब्रुवारीत गॅदरिंगला हार घालून नाही, तोवर पोर गावी गेलेलं असतं. स्टेजवर तर बोलवूच नका त्यांना.

फंडाला नाव सरांचं द्यावं असं मला वाटतं. सर आता नाहीत, पण त्यांच्या डायरीतली आपल्या बॅचचीच चार-पाच नावं मला माहितीयेत. मी इथे लिहिणार नाही, ज्याचं त्याला कळेल.

माझा चेक तयार आहे. गुरुवारी ११ वाजता प्राचार्यांना भेटायला चाललेय, सोबत कोण येतंय ते सांगा.