‘बदकाला कुठला आलाय वास?’ या प्रतिक्रियेला उत्तर

बदकांच्या शेडमधली कोंदट हवा हे अंडी घटण्याचं मोठं कारण आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका भाऊंची प्रतिक्रिया आली: “बदक चिखलातलं पाखरू, त्याला कुठला आलाय वास? दिवसभर तळ्यात असतं. नागपुरात पंख्याखाली बसून फालतू लिहू नका. जाळीची फरशी लहान माणसाला परवडत नाही. दाणा, लस, अंड्याचा भाव यावर बोला.”

भाऊ, मतभेद असू द्या, पण ‘फालतू’ कशासाठी? माझी आई मौद्याकडे तळ्याकाठी बदकं पाळायची. त्या खुराड्यातली ओली तणस उपसत मी मोठा झालो. आज कुहीजवळ माझी स्वतःची खाकी कॅम्पबेल, म्हणजे अंड्यांसाठी पाळतात त्या जातीची बदकं आहेत. तुम्ही स्वतःचं नाव लिहिलं नाही, गाव लिहिलं नाही. असं लपून दुसऱ्याला पंख्याखालचा म्हणायला काही लागत नाही.

दिवसभर बदक तळ्यात असतं, कबूल. आणि रात्री? कुत्र्या-मुंगसाच्या भीतीनं आपण त्याला तिन्हीसांजेला कोंडतो आणि सकाळी उशिरापर्यंत सोडत नाही, कारण बदक पहाटेपासून सकाळपर्यंत अंडं घालतं. लवकर सोडलं की अंडं तळ्यात गेलं. म्हणजे अंडं घडतं आणि पडतं तो बहुतेक वेळ बदक बंद शेडमध्येच असतं, नाक गादीपासून, म्हणजे खाली अंथरलेल्या तणस-तुसाच्या थरापासून, वीतभर अंतरावर. विष्ठेतलं युरिक अॅसिड जिवाणू फोडतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. बदकाची विष्ठा कोंबडीपेक्षा पातळ, वर चोचीनं उडवलेलं पाणी, त्यामुळे गादी कायम ओली. आपल्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की लोक ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट बांधतात. ऊब राहते, पण अमोनियाही आतच राहतो.

शेडमध्ये अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर जाऊ देऊ नये, असं पोल्ट्रीत सर्रास सांगितलं जातं. रोज आत जाणाऱ्याच्या नाकाला सवय होते, म्हणून ‘वास नाही’ या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही. अमोनियानं श्वासनलिकेतली सूक्ष्म लव निकामी होते आणि ई. कोलायसारख्या जंतूंना वाट मिळते. डोळे चिकटतात, बदक दाणा कमी खातं, अंडी घटतात. तुम्हाला ज्या दाण्यावर बोलायचं आहे तो दाणाच गव्हाणीत उरतो, भाऊ!

आणि कृपा करून ओल्या गादीवर चुना टाकून मोकळे होऊ नका. चुन्यानं गादीचा अल्कपणा वाढतो आणि अमोनिया आणखी सुटतो. ओली गादी उपसा, भाताचं कोरडं तूस घाला, बुरशी आलेली तणस अजिबात नको, पाण्याचं भांडं गादीपासून दूर ठेवा आणि छताजवळची फट थंडीतही उघडी ठेवा. वारा बदकांच्या अंगावर यायला नको, पण वरून हवा बाहेर गेलीच पाहिजे.

विष्ठा खाली गळून जाते ती जाळीची फरशी लहान माणसाला परवडत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. लस आणि भाव हे वेगळे विषय आहेत, इथे त्यांचा संबंध नाही.

उद्या पहाटे ताडपत्री उघडायच्या आधी शेडमध्ये जा, बदकाच्या उंचीवर खाली बसा आणि डोळे चुरचुरतात का ते इथे लिहा. नाव-गाव घालून लिहा. ‘फालतू’ हा शब्द पुन्हा आला तर मात्र प्रतिक्रिया काढून टाकीन.