सामूहिक आत्मविश्वास, फ्लेक्ससह

मुख्याध्यापक झालात, अभिनंदन! म्हणजे शाळेतल्या सर-बाईंमध्ये सामूहिक आत्मविश्वास, म्हणजे ‘आपण सगळे मिळून पोरांना शिकवू शकतो’ हा भरवसा, जागवायचं काम तुमच्याकडं आलंच. घाबरू नका, आधी फ्लेक्स छापून घ्या. कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय बारसं होत नाही, तिथं आत्मविश्वास कुठला जन्माला येतोय?

भाषणाची सुरुवात शाहू महाराजांपासून. 1917 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, एवढं सांगून थांबा. पुढं गेलात तर आजच्या पटसंख्येचा विषय निघतो. मग अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं नाव टाका, वजन येतं. तो काय म्हणाला ते मात्र पोटात ठेवा. त्याच्या मते असा विश्वास सगळ्यात पक्का बसतो तो स्वतःला जमल्यावर, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं बघून. शाबासकीचा जोर त्यामानानं कमी. हे फुटलं तर तुमच्या शाल-श्रीफळाचं काय?

म्हणून वर्गांची दारं बंद हवीत. तिसरी ‘अ’मध्ये 52 वजा 27 दिलं की निम्मी पोरं 35 लिहितात. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच; वर कोण, खाली कोण, बघायचंच नाही. ‘ब’च्या बाईंनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधले, एक गठ्ठा पोरांनाच सोडायला लावला आणि दशक सुटा होतो म्हणजे काय ते त्यांच्या हातात पडलं. मध्ये भिंत एकच आहे. पण ‘अ’चे सर ‘ब’चा तास बघायला गेले तर बाईंना वाटणार तपासणी आली, आणि सरांना वाटणार आपली इज्जत गेली. दोघांचा मान राखा. त्यांची गाठ पोषण आहाराच्या चव नोंदवहीवर पडते तेवढी पुरे.

बैठका भरपूर घ्या. यू-डायसवर (शाळेच्या माहितीची सरकारी नोंदणी) भरायची माहिती, पोरांची आधार जुळणी, कालचे फोटो अजून का चढवले नाहीत, यात दीड तास सहज जातो. कुणी पोरांच्या वह्या काढल्याच तर ‘वरून मागितलेल्या नाहीत’ म्हणून मिटवा. ग्रुपवर ‘नाद खुळा, सर!’ पडलं की सामाजिक प्रोत्साहनही झालं.

एवढं करूनही शाळा सुटल्यावर दोघं-तिघं एका बाकावर वह्या पसरून बसलेले दिसले, तर त्यातला सगळ्यात उत्साही हेरा आणि मतदारयादीच्या कामाला त्याचं नाव सुचवा.