जनगणनेत पणजोबा सापडणार नाहीत
पूर्वज शोधण्यावरच्या एका लेखात जनगणनेतून शोधा म्हटलंय, पण ते तिकडं ठीक, अमेरिकेत ७२ वर्षांनी नावासकट कागद खुले होतात, १९५० चे २०२२ ला झाले. आपल्याकडं १९४८ च्या कायद्यानं घरोघरचे फॉर्म गोपनीयच, मिळतात ते नुसते आकडे. त्यापेक्षा तहसीलला गाव नमुना १४ बघा, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची नोंद. आम्ही पुण्याहून जुन्नरला तीन चकरा मारल्या, तर पान निघालं ते मोडी या जुन्या लिपीत, कुणालाच वाचता येईना! शेवटी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेल्या एका काकांनी वाचून दिलं. आडनावच नाही हो, नुसतं नाव, बापाचं नाव आन जात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या, म्हणजे तीर्थपुरोहितांच्या, वंशावळीच्या वहीत मात्र चार पिढ्या सलग मिळाल्या, खाली पणजोबांची सही.