‘स्पोर्ट्स कारला टॅक्सीचे टायर’ : एक तारा दिलेल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाबांच्या १९६८ च्या एमजीबी जीटीला, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, टायर घालायला आम्ही पाच आठवडे लावले. शेवटी ‘स्पोर्ट्स कारला टॅक्सीचे टायर’ बसवले. दुसरीकडे तासाभरात मिळत होते ते रुंद टायर घालायला नकार दिला. बाबांनी जपून ठेवलेले कोरे टायर भंगार म्हणून बाजूला केले. टायर ट्यूबलेस असताना ट्यूबचे पैसे लावले. आणि वर चाकाच्या नटावर ओरखडा पाडून गाडी हातात दिली.

यातल्या तीन गोष्टींत चूक आमची आहे, ती आधी सांगतो.

ओरखडा आमच्याच हातून पडला. त्या गाडीच्या चाकाला चार-पाच नट नसतात. मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट असतो आणि तो ठोकून फिरवावा लागतो. त्यासाठी दुकानात तांब्याचा हातोडा आहे. पोरानं घाईत लोखंडी हातोडा उचलला, मध्ये लाकडाचा तुकडासुद्धा धरला नाही. मी तेव्हा समोर नव्हतो, पण दुकान माझं आहे. तो नट पुन्हा क्रोम करून देण्याचा सगळा खर्च माझा.

दुसरी चूक उशिराची. पाचातले पहिले तीन आठवडे मी तुमच्या गाडीच्या काळातल्या नक्षीचे टायर शोधत होतो. मिशेलिनचा एक्सएएस किंवा पिरेलीचा सिंतुरातो, जे त्या कंपन्या जुन्या गाड्यांसाठी अजून बनवतात. ते मिळाले असते तर मला तुमच्यापेक्षा जास्त आनंद झाला असता. पण भारतात विकायच्या नव्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि जून २०२० पासून परदेशी टायरची आयात परवान्याशिवाय करता येत नाही. चार टायरसाठी परवाना कोण काढणार? ‘सामानातून आणून देतो’ म्हणणारे दोघं भेटले, त्यांना मी नाही म्हटलं. बिल नाही, जबाबदार कोणी नाही, अशी वस्तू मी तुमच्या गाडीखाली घालणार नाही. हे सगळं मला पहिल्या आठवड्यातच कळायला लागलं होतं. तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. ‘बघतोय, बघतोय’ करत मी तुम्हाला ताटकळत ठेवलं, त्याबद्दल माफी मागतो.

तिसरी चूक शब्दाची. तुमच्या बाबांच्या टायरना ‘भंगार’ म्हणायचा आमच्या पोराला काही अधिकार नव्हता. त्यांवर पुढे लिहितो.

आता ‘टॅक्सीचे टायर’. तुमच्या रागाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

तुमच्या गाडीच्या जुन्या टायरवर १६५ आर १४ असं लिहिलं होतं, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर आणि रिम १४ इंची. आजच्या टायरवर तीन आकडे असतात, तिथे दोनच. मधला आकडा गाळलेला नाही; त्या काळी टायरच्या बाजूची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची, उंची रुंदीच्या ८० ते ८२ टक्के असते हे गृहीतच असायचं, म्हणून लिहीत नसत. हिशेब केला तर पूर्ण चाकाची उंची सुमारे ६२६ मिलिमीटर येते. गाडीचा स्पीडोमीटर, गिअर, जमिनीपासूनची उंची, सगळं त्या मापावर बेतलेलं आहे. आता आजच्या बाजारात या मापाच्या सगळ्यात जवळ काय आहे? १६५/८० आर १४. त्याची उंची ६२० मिलिमीटर, म्हणजे फरक एक टक्क्याचा. आणि हे माप आपल्याकडे रोज खपतं, कारण स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या मॉडेलना तेच लागतं. ठाण्यात स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या निम्म्या टॅक्सींना हेच माप असेल. म्हणूनच ते ताजं मिळतं. तुमच्या पाचही टायरवरची तारीख मी बिलावर लिहून दिली आहे, एकही चार महिन्यांपेक्षा जुना नाही. पाच, कारण स्टेपनीही बदलली. नवे चार आणि डिकीत वीस वर्षांचा पाचवा, हे मला पटत नाही.

त्या टायरवर ८५ टी असं लिहिलं आहे. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो; चार मिळून दोन टनांच्या वर, आणि तुमची गाडी जेमतेम अकराशे किलोची. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. एमजीबी पूर्ण दाबली तरी १७० च्या आसपास थांबते. म्हणजे टायर गाडीपेक्षा कमी ताकदीचा नाही, कुठल्याही बाजूनं.

आणि एक गोष्ट, तुमचे बाबा असते तर त्यांना नक्की माहीत असती. या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीच्या बी सिरीजमधलं आहे. आपल्या अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. कोलकात्यात वर्षानुवर्षं टॅक्सी ओढली ती त्या इंजिनानं. म्हणून एमजीबीचं इंजिन कमअस्सल ठरत नाही. टायरचंही तसंच धरा. तो कुठल्या गाडीखाली जास्त दिसतो यापेक्षा तो कोणत्या मापाचा, किती ताजा आणि किती वजन-वेगाचा, हे मी बघतो. दिसण्याच्या बाबतीत मात्र तुमचं खरं आहे. जुन्या नक्षीचा टायर त्या चाकांवर जास्त शोभला असता, हे मी मान्य करतो.

दुसऱ्या दुकानात जे रुंद टायर दाखवले ते १९५/६० आर १४ चे, तुम्ही फोटो पाठवला होता. त्याची उंची ५९० मिलिमीटर. तुमच्या मूळ टायरपेक्षा ३६ कमी, म्हणजे गाडी १८ मिलिमीटर खाली बसणार. तुमच्या गाडीचा सायलेन्सर आधीच खाली लोंबतो. घोडबंदर रोडवरचे गतिरोधक आणि गायमुखच्या घाटातले खड्डे आठवा, आणि त्यातून १८ मिलिमीटर वजा करा. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर ७५ नं धावत असेल आणि इंजिन उगाच जास्त फिरेल. पण माझा मुख्य नकार रिममुळे होता. तुमची रिम साडेचार इंची आहे. १९५/६० ला किमान साडेपाच इंचाची लागते. अरुंद रिमवर रुंद टायर ओढूनताणून बसतो, पण त्याच्या कडा आत दुमडतात, मधला भाग फुगतो आणि वळणावर टायर रिमवर डुलतो. त्यात तुमची चाकं साठ स्पोकची. रुंद टायरचा आडवा ओढा शेवटी त्या तारांवरच येतो. पॉवर स्टिअरिंग नाही, तेव्हा पार्किंगमध्ये गाडी वळवताना तुमचे हात भरून आले असते ते वेगळंच. तासाभरात बसवता येणं आणि बसणं यांत फरक आहे.

आता बाबांचे टायर. ते कोरे आहेत, नक्षी पूर्ण आहे, खोली आठ मिलिमीटरच्या आसपास भरली. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते. त्यामुळे ‘चांगले टायर का नाकारले’ हा प्रश्न साहजिक आहे. पण टायरच्या बाजूला डॉट (DOT) अशा अक्षरांनंतर शेवटी आकडे असतात, ते वाचा. २००० नंतरच्या टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या टायरवर तीनच आहेत, ३४८, आणि शेजारी छोटा त्रिकोण. त्रिकोण नव्वदच्या दशकाचा. म्हणजे १९९८ सालचा चौतिसावा आठवडा, ऑगस्ट महिना. तेव्हापासून ते माळ्यावर आहेत. रबर वापरलं नाही तरी हवेनं आणि उन्हाळ्याच्या उष्म्यानं कडक होतं. मी अंगठ्यानं बाजू दाबून तुम्हाला केसासारख्या भेगा दाखवल्या होत्या. त्या वरच्या. आतल्या थरांची पकड किती सुटली आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही, आणि ते कळतं तेव्हा गाडी वेगात असते. पहिल्या पावसात तेलकट रस्त्यावर कडक झालेलं रबर पकडही घेत नाही.

ते चारही टायर आम्ही टाकलेले नाहीत. पुसून, कापडात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवले आहेत. गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल तर तेवढ्यापुरते ते जरूर चढवू. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी ‘व्हीए’ नोंदणी आहे. तुम्ही ती करणार असं म्हणाला होतात, तेव्हा त्यांचा उपयोग होईलच. रस्त्यावर मात्र नाही. तुमच्या बाबांनी ते लेकीच्या गाडीखाली घातले असते, असं मला वाटत नाही.

ट्यूबचं थोडक्यात सांगतो. स्पोकच्या चाकात प्रत्येक तार रिमच्या आरपार जाते, साठ भोकं झाली, हवा राहणार कुठे? टायर ट्यूबलेस असला तरी आत ट्यूब लागतेच, आणि तारांची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून रबराची पट्टीही. तुमच्या रिमवरची पट्टी कुजलेली होती. ट्यूबलेस टायरच्या आत कागदी लेबल चिकटवलेलं असतं, तेही खरवडून काढावं लागतं, नाहीतर घासून घासून ट्यूबला भोक पाडतं. मग शंखजिऱ्याची पावडर. शिवाय प्रत्येक तार टिचकी मारून ऐकली. मागच्या उजव्या चाकाच्या दोन तारांचा आवाज बसलेला होता, त्या ताणून घेतल्या. बॅलन्सिंगही मशीनच्या साध्या शंकूवर (कोनवर) होत नाही, चाक आतून-बाहेरून दोन्हीकडून धरावं लागतं. पूर्ण दिवस गेला तो यात. बिलावर नुसतं ‘ट्यूब ५’ असं लिहिलं, पट्ट्या आणि हे काम लिहिलंच नाही. सविस्तर बिल आज पाठवतो. तारांच्या कामाचे पैसे घेतले नव्हते, आताही घेणार नाही.

एक विनंती हवेबद्दल. पंपावर सवयीनं ३२-३३ भरतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात पुढे २१ आणि मागे २४ आहे, आम्ही पुढे २४, मागे २६ ठेवली आहे. ३२ भरलीत तर गाडी उड्या मारेल आणि दोष टायरला जाईल.

आणि अभिप्राय ठेवा, बदला किंवा आणखी काही लिहा, तो तुमचा हक्क. पण एका कामासाठी मात्र या. मधले ते नट काढून बसवले की पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा ठोकून बघायचे असतात, बसताना थोडे सैल होऊ शकतात. गाडी देताना हे तुम्हाला कोणी सांगितलं की नाही याची मी दुकानात चौकशी केली, कोणालाच आठवत नाही. तुम्ही लिहिलंय की रविवारी लोणावळ्याला जाणार आहात. तर शनिवारी सकाळी नऊच्या आत या, टायर थंड असताना हवाही बघतो. वागळे इस्टेटमध्ये त्या वेळी गर्दी नसते, गाडी थेट आत घेता येईल. तांब्याचा हातोडा घेऊन मी स्वतः असेन.